शिपायाचें वेतन आणि राज्याचा शब्द

पाथर्डी गांव ज्या मुलखांत वसलें आहे, त्याच्या तीन बाजूंस इतिहासांत गाजलेलीं तीन ठिकाणें आहेत. पूर्वेस गोदाकांठीं राक्षसभुवन. तेथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरल्या माधवरावांनीं निजामाच्या फौजेचा पराभव केला. दक्षिणेस जामखेड तालुक्यांत खर्डें. तेथें ११ मार्च १७९५ रोजीं पेशवे, शिंदे, होळकर व भोसले यांच्या फौजा एका निशाणाखालीं लढल्या, आणि त्यानंतर पुन्हां तशा कधीं एकत्र आल्या नाहींत. पश्चिमेस नगरचा भुईकोट किल्ला. तो १२ ऑगस्ट १८०३ रोजीं इंग्रजांच्या हवालीं झाला. राक्षसभुवनापासून नगरपर्यंतचा हा प्रवास अवघ्या चाळीस वर्षांचा आहे. लढाया जिंकणारें राज्य इतक्या थोड्या अवकाशांत कां ढासळलें, या प्रश्नाचीं उत्तरें आजवर पुष्कळांनीं दिलीं आहेत. कोणी फुटीरपणास दोष देतात, कोणी तोफखान्यास, तर कोणी एखाद्या व्यक्तीच्या स्वभावास.

श्रोतेहो, आज मी या प्रश्नाकडे निराळ्या दाराने शिरणार आहें. रणांगणांत ज्यानें तलवार चालविली, त्या शिपायाला पगार कोण देत होतें? तो जायबंदी झाला अथवा पडला, तर त्याला किंवा त्याच्या बायकामुलांना कोण पोशीत होतें? आणि दुसऱ्या एखाद्या सत्ताधीशानें दोन रुपये अधिक देऊं केले, तर त्या शिपायास "तूं त्याच्या चाकरीस जाऊं नको" असें सांगण्याचा अधिकार कोणास होता? हे तीन प्रश्न वरवर वेगळे दिसतात. परंतु ते एकाच साखळीचे दुवे आहेत, हें आपल्या इतिहासावरून दिसतें. आणि त्याच काळांत सात समुद्रांपलीकडे जन्मास आलेल्या अमेरिकन प्रजासत्ताकाच्या इतिहासावरूनहि दिसतें.

पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर आपल्याकडे फार पूर्वीं दिलें गेलें होतें. सभासदानें आपल्या बखरींत शिवछत्रपतींच्या लष्करी व्यवस्थेचें जें वर्णन केलें आहे, तें या दृष्टीनें पुन्हां वाचण्याजोगें आहे. घोडदळांत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, त्यावर हजारी, त्यावर पंचहजारी, अशी चढती रचना होती. जुमलेदारास वर्षास पांचशें होन, हजारीस एक हजार, पंचहजारीस दोन हजार. वेतनाबद्दल मुलूख तोडून देण्याची रीति महाराजांनीं टाळली. ज्याच्या हातीं मुलूख गेला तो रयतेस नागवितो आणि धन्यास जुमानीत नाहीं, हा अनुभव त्यांनीं आदिलशाही व निजामशाही दोहोंकडे पाहिला होता. मोहिमेहून परतलेल्या माणसाजवळ जें कांहीं सांपडेल त्याची मोजदाद होई, आणि लूट सरकारांत जमा होई. शिपाई लुटीवर जगणारा नव्हे, वेतनावर जगणारा असावा, असें हें धोरण होतें.

याहून महत्त्वाची गोष्ट अफझलखानाच्या प्रसंगानंतरची. सन १६५९ च्या त्या झुंजांत जे पडले, त्यांच्या मुलांस चाकरींत घेऊन चालविलें. ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निमें वेतन बांधून दिलें. आणि जखमी झालेल्यांस जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशें होनांपर्यंत बक्षीस दिलें, असें सभासद सांगतो. विधवेस निमें वेतन, ही कल्पना आपण लक्षांत ठेवूं, कारण थोड्याच वेळांत ती आपणांस दुसऱ्या गोलार्धांत भेटणार आहे. पेशवाईंतहि पडलेल्या शिपायाच्या पोरक्या मुलांच्या पोषणासाठीं नेमणूक करून देण्याचा परिपाठ होता. त्यास बालपरवेशी असें नांव होतें. परंतु हा सर्व परिपाठ होता, कायदा नव्हे. धनी समर्थ व खजिना भरलेला असेपर्यंत तो चाले. खजिना रिकामा झाला म्हणजे विधवेनें कोणत्या दारीं जावें, हें कोठेंहि लिहिलेलें नव्हतें.

आतां अमेरिकेकडे वळूं. इंग्लंडविरुद्ध उठलेल्या तेरा वसाहतींनीं जुलै १७७६ मध्यें स्वातंत्र्य पुकारलें, आणि पुढच्याच महिन्यांत, २६ ऑगस्ट रोजीं, त्यांच्या काँग्रेसनें ठराव केला कीं युद्धांत जे अपंग होतील त्यांस जन्मभर निमें वेतन मिळेल. १७८० मध्यें मृत अधिकाऱ्यांच्या विधवांस व पोरक्यांस सात वर्षें निमें वेतन देण्याचें ठरलें; आणि त्याच वर्षीं, युद्ध संपेपर्यंत टिकणाऱ्या अधिकाऱ्यांस तहहयात निमें वेतन देण्याचें वचनहि दिलें गेलें. शब्द उदार होते. पण तो पाळावयास पैसा नव्हता. काँग्रेसला स्वतः कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. तेरा संस्थानांकडे तिनें मागणी करावी, आणि त्यांनीं जमेल तेवढें पाठवावें किंवा पाठवूं नये, अशी ती व्यवस्था होती. तिनें छापलेल्या कागदी चलनाची किंमत इतकी उतरली कीं तें नांवालाच पैसा राहिलें.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. १ जानेवारी १७८१ रोजीं पेनसिल्व्हानियाच्या पलटणींनीं थकलेल्या वेतनासाठीं बंड केलें. मार्च १७८३ मध्यें न्यूबर्ग येथील छावणींत अधिकारी मंडळी काँग्रेसला धाक घालण्याच्या विचारास लागली होती. १५ मार्च रोजीं वॉशिंग्टन स्वतः त्यांच्या सभेंत गेला आणि त्यानें त्यांस आवरलें. एका आठवड्यानें काँग्रेसनें तहहयात निम्म्या वेतनाऐवजीं पांच वर्षांचें पुरें वेतन देण्याचा ठराव केला. पण तेंहि रोख नव्हे, कर्जरोख्यांच्या रूपानें. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत चिडलेल्या शिपायांनीं फिलाडेल्फियांतील सभागृहास गराडा घातला, आणि काँग्रेसला तें शहर सोडून प्रिन्स्टनला जावें लागलें. शिपाई घरीं परतला तो हातीं कागद घेऊन. आणि पोटासाठीं तो कागद त्यानें कवडीमोलानें दलालास विकला. पुढें १७९० मध्यें हॅमिल्टननें हें राष्ट्रीय कर्ज पुरें फेडण्याची योजना आणली, तेव्हां पूर्ण किंमत मिळाली ती ज्याच्या हातीं कागद होता त्याला. मूळच्या शिपायासहि कांहीं वांटा मिळावा, अशी मॅडिसननें खटपट केली, ती फसली.

ही हकीकत ऐकतांना मराठी श्रोत्यास ती परकी वाटूं नये. पहिल्या बाजीरावानें ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांत सावकार आणि शिलेदार यांच्या पायां पडतां पडतां आपली काय दशा झाली आहे, हें कळवळून सांगितलें आहे. जो पुरुष लढाईंत हरला नाहीं, तो वेतनाच्या बाबतींत असा मेटाकुटीस आलेला होता! पेशव्यांची अडचण अमेरिकन काँग्रेससारखीच होती. मुलूख सरंजामांत वांटला गेला होता. शिंदे, होळकर, भोसले आपापल्या मुलखाचा वसूल आपण घेत, आणि मध्यवर्ती सत्तेनें त्यांच्याकडे पैका मागावा व त्यांनीं हिशेबाचे कागद पुढें करावे, असा तो क्रम होता. शिपायास रोख नाणें मिळावयाचें तें वराती मिळूं लागल्या, म्हणजे दूरच्या एखाद्या महालाच्या वसुलावरील चिठ्ठ्या. वेतन थकलें म्हणजे शिपाई सरदाराच्या दारीं धरणें धरीत. १८०९ सालीं शिंद्यांच्या छावणींत असलेल्या ब्रॉटन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या धरण्याचें वर्णन लिहून ठेवलें आहे. आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारदी शिरले, तेहि थकलेल्या पगाराचा तगादा करण्याच्या मिषानेंच. नारायणरावाचा खून हा कारस्थानाचा भाग होता, यांत शंका नाहीं; परंतु पगाराचा तगादा ही गोष्ट इतकी नित्याची झाली होती कीं तिच्या आडून पेशव्याच्या महालापर्यंत शस्त्रें पोंचूं शकलीं, हें विसरतां येत नाहीं.

महादजी शिंद्यांनीं हा रोग ओळखला होता. त्यांनीं सॅव्हॉयच्या द बॉइन्याकडून कवायती पलटणी उभारविल्या, तेव्हां त्यांच्या खर्चासाठीं उत्तरेंत अलिगडच्या बाजूचा मुलूख निराळा तोडून दिला. त्या वसुलांतून पलटणींचा पगार नियमानें निघे. जखमी शिपायांस व अपंगांस नेमणुका आणि जमिनी मिळत. या पलटणी लढल्या त्या केवळ कवायतीच्या बळावर नव्हे. महिना भरला कीं पगार हातीं पडेल, या विश्वासाच्या बळावर. परंतु या व्यवस्थेंत एक छिद्र होतें. शिपायाचा विश्वास बसला तो पगार वांटणाऱ्या फिरंगी सेनापतीवर. आणि त्या सेनापतीची निष्ठा? द बॉइन्यानें चाकरी पत्करतांनाच अट घातली होती कीं आपण इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरणार नाहीं. म्हणजे कोणाशीं लढावें आणि कोणाशीं तटस्थ राहावें, हा राज्याचा सर्वांत मोठा अधिकार, चाकराच्या करारपत्रांत आधींच गहाण पडला होता.

येथें आपण तिसऱ्या प्रश्नाशीं येऊन पोंचलों. तटस्थता म्हणजे नुसतें स्वस्थ बसणें नव्हे. दोन राजे लढत असतां तिसरा म्हणतो, मी कोणाच्याहि बाजूस नाहीं. परंतु त्याची प्रजा जर एका बाजूच्या फौजेंत भरती होत असेल, त्याच्या बंदरांत जर एका बाजूचीं जहाजें सज्ज होत असतील, तर त्याच्या शब्दाला काय मोल? तटस्थ राहावयाचें असेल तर आपल्या माणसांच्या तलवारीवर आपला हुकूम चालला पाहिजे.

अमेरिकेस हा धडा १७९३ मध्यें मिळाला. फ्रान्स व इंग्लंड यांचें युद्ध जुंपलें, आणि २२ एप्रिल रोजीं अध्यक्ष वॉशिंग्टननें तटस्थतेचा जाहीरनामा काढला. पण फ्रेंच वकील जेने हा अमेरिकेच्याच बंदरांतून खाजगी लढाऊ जहाजें सज्ज करूं लागला, आणि स्पेनच्या ताब्यांतील लुइझियानावर चालून जाण्यासाठीं अमेरिकन माणसांना फ्रेंच सनदा वांटूं लागला. अशी सनद घेणाऱ्यांत जॉर्ज रॉजर्स क्लार्क होता. हा स्वातंत्र्ययुद्धांतील पश्चिम सीमेचा नामांकित सेनानी. मोहिमेच्या खर्चासाठीं त्यानें स्वतःच्या नांवावर कर्ज काढलें होतें. व्हर्जिनिया संस्थानानें तें फेडून दिलें नाहीं, आणि सावकार त्याच्या दारांत उभे होते. ज्या राज्यासाठीं तो लढला त्यानें त्याचें देणें बुडविलें, म्हणून तो दुसऱ्याची सनद घेण्यास तयार झाला. पहिला प्रश्न व तिसरा प्रश्न यांचा सांधा येथें स्पष्ट दिसतो.

ती मोहीम निघाली नाहीं. परंतु नुसत्या जाहीरनाम्यानें भागत नाहीं, हें उघड झालें होतें. हेनफील्ड नांवाच्या खलाशास फ्रेंच जहाजावर चाकरी केल्याबद्दल न्यायालयांत उभें केलें असतां पंचांनीं त्याला सोडून दिलें होतें. म्हणून ५ जून १७९४ रोजीं काँग्रेसनें कायदा केला: अमेरिकेच्या हद्दींत राहून कोणाहि नागरिकानें परक्या राज्याची लढाऊ सनद घेऊं नये, तेथें कोणी माणसें भरती करूं नयेत, जहाजें सज्ज करूं नयेत, आणि मित्रराष्ट्रावर चालून जाण्यासाठीं मोहीम उभारूं नये.

नेमक्या त्याच सुमारास आपल्या या मुलखांत काय चाललें होतें? १७९५ च्या मार्चमध्यें खर्ड्यावर निजाम उतरला, तेव्हां त्याला इंग्रजांच्या मदतीची आशा होती. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यानें तटस्थ राहावयाचें ठरविलें, आणि हैदराबादेस असलेल्या कंपनीच्या पलटणी लढाईंत उतरल्या नाहींत. कंपनीची तटस्थता खरी ठरली, कारण तिच्या पलटणी तिच्या हुकुमांत होत्या. उलट मैदानांत काय देखावा होता पाहा. निजामाकडे फ्रेंच रेमंडच्या पलटणी, आणि शिंद्यांकडे फ्रेंच पेराँच्या पलटणी. फ्रेंच माणसें दोन्ही बाजूंस. हिंदी शिपाई दोन्ही बाजूंस. आणि त्यांस एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाण्यास प्रतिबंध करणारा कोणताहि कायदा नाहीं. कागदोपत्रीं विजय मोठा होता. निजामानें तीन कोटी रुपये व मुलूख देऊं केला. पण पराभूत निजामानें रेमंडची फौज आणखी वाढविली, आणि तीन वर्षांनीं इंग्रजांनीं ती मोडावयास लाविली. २२ ऑक्टोबर १७९८ रोजीं हैदराबादेस ती फौज निःशस्त्र झाली, तेव्हां लढाई झालीच नाहीं. थकलेल्या पगारासाठीं शिपायांनीं आपल्याच फ्रेंच अधिकाऱ्यांस अडकवून ठेविलें होतें. पगार चुकता होण्याची हमी मिळतांच त्यांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं. हजारों शिपायांची एक सेना केवळ बाकीच्या हिशेबानें संपली!

या बाजारांत एक अमेरिकनहि होता. जॉन पार्कर बॉइड हा मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्ट गांवीं १७६४ सालीं जन्मलेला. स्वातंत्र्ययुद्धानंतर अमेरिकेनें आपलें सैन्य इतकें मोडलें होतें कीं १७८४ च्या जूनमध्यें साऱ्या राष्ट्राचे मिळून अवघे ऐंशी शिपाई ठेविले. तलवारबहाद्दर तरुणास तेथें वाव कोठला? बॉइड हिंदुस्थानांत आला, त्यानें स्वतःचें पथक उभारलें, निजामाची चाकरी केली, आणि नंतर पुण्यास पेशव्यांचीहि केली. पुढें तो मायदेशीं परतला. १८०८ मध्यें तेथील पायदळाचा कर्नल झाला, आणि १८११ च्या टिपेकनूच्या लढाईंत व नंतर इंग्रजांविरुद्धच्या युद्धांत लढला. त्याच्या राष्ट्रानें सैन्य पुन्हां उभें केलें, तेव्हां त्याची तलवार परत मायदेशीं गेली. आपल्या शिपायांस परतावयास असें कांहीं उरलें नाहीं.

कारण पुण्यास याच वर्षांत खजिन्याचा शेवट झाला होता. पेशवाईचें पद मिळविण्यासाठीं दुसऱ्या बाजीरावानें दौलतराव शिंद्यांस दोन कोटी रुपयांचें वचन दिलें, पैसे नव्हते. शिंद्यांची प्रचंड फौज पुण्याजवळ पगारावांचून पडून होती. ३१ डिसेंबर १७९७ रोजीं नाना फडणिसांस दग्यानें पकडलें, आणि नगरच्या किल्ल्यांत आणून ठेविलें. नंतर फौजेची बाकी वसूल करण्यासाठीं सर्जेराव घाटग्यानें १७९८ मध्यें पुण्याच्या सावकारांवर व गृहस्थांवर जो जुलूम केला, त्याचें वर्णन आजहि अंगावर कांटा आणतें. नाना सुटले तेहि दहा लाख रुपये भरल्यावर. ज्या नगरच्या कोटाकडे आपण प्रेक्षणीय वस्तु म्हणून पाहतों, तेथें राज्याचा एक वृद्ध कारभारी शिपायांच्या थकलेल्या पगाराचा ओलीस म्हणून बसला होता.

यापुढील घटना वेगानें घडल्या. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानें बाजीरावानें कंपनीची तैनाती फौज घेतली, तिच्या खर्चासाठीं सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला, आणि इंग्रजांशीं युद्ध असलेल्या राष्ट्राचा युरोपियन चाकरींत ठेवणार नाहीं, असें लिहून दिलें. १८०३ मध्यें युद्ध सुरू होतांच गव्हर्नर जनरलनें जाहीर केलें कीं मराठ्यांच्या चाकरींतील ज्या ब्रिटिश प्रजाजनांनीं ती सोडली त्यांची सोय कंपनी लावील. अधिकारी एकामागून एक निघून गेले. सप्टेंबरमध्यें पेराँहि गेला. नगरची पेठ ८ ऑगस्ट रोजीं पडली, चार दिवसांनीं किल्ला. ३० डिसेंबर १८०३ रोजीं सुर्जी-अंजनगांवचा तह झाला. त्यांतील दोन कलमें आपल्या आजच्या विषयाचें सार आहेत. एक: शिंद्यांच्या अडलेल्या सरदारांस कंपनी वर्षास सतरा लाख रुपयांपर्यंत नेमणुका देईल. दोन: इंग्रजांशीं युद्ध असलेल्या कोणत्याहि युरोपियन अथवा अमेरिकन सत्तेचा माणूस शिंदे चाकरीस ठेवणार नाहींत. शिंद्यांच्या सरदारांस पेन्शन देणारा कंपनी, आणि शिंद्यांनीं कोणास चाकरीस ठेवावें हें ठरविणाराहि कंपनी! अमेरिकेनें जो कायदा आपल्या सभागृहांत स्वतःसाठीं केला, तसाच कायदा आपल्याकडे परक्यानें आपल्यासाठीं लिहिला.

शेवटीं १८१८ हें वर्ष पाहा. त्या वर्षीं १८ मार्च रोजीं अमेरिकन काँग्रेसनें स्वातंत्र्ययुद्धांतील गरजू शिपायांस पेन्शनचा कायदा केला. शिपायास दरमहा आठ डॉलर, अधिकाऱ्यास वीस. २० एप्रिल रोजीं तटस्थतेचे सर्व कायदे एकत्र करून नवा कायदा केला. आणि ३ जून रोजीं इकडे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला वर्षास आठ लाख रुपये ठरले. तिकडे शिपायास आठ डॉलर, इकडे राज्य सोडणाऱ्या धन्यास आठ लाख. एल्फिन्स्टननें ११ फेब्रुवारीच्या जाहीरनाम्यांत वतनें, इनामें, वर्षासनें चालविण्याचें आश्वासन दिलें होतें, आणि तें त्यानें पुष्कळ अंशीं पाळलें. सरदारांचे सरंजामहि कांहीं राहिले. पण ज्याच्या नांवावर इनाम नव्हतें, सनद नव्हती, नुसती थकलेली बाकी होती, तो साधा शिपाई कोणाकडे हिशेब मागणार? ज्याची बाकी होती तें राज्यच नाहींसें झालें होतें.

अमेरिकेचा कायदा निर्दोष होता असें मुळींच नाहीं. युद्ध संपल्यावर पस्तीस वर्षांनीं तो आला, तोंवर पुष्कळ शिपाई वारले होते. दोन वर्षांनीं, म्हणजे १८२० मध्यें, म्हाताऱ्या सैनिकांना आपल्या घरांतील चीजवस्तूंची यादी न्यायालयांत सादर करून दारिद्र्य सिद्ध करावें लागलें. गरजेची अट न घालतां सेवेच्या हक्कानें व्यापक पेन्शन मिळालें तें १८३२ मध्यें. तटस्थतेचा कायदा मोडून शेजारच्या मुलखांत शिरणारे साहसी लोकहि तेथें पुढें पुष्कळ निघाले. तरी एक फरक राहतोच. १७८९ मध्यें नवी राज्यघटना अमलांत आल्यावर तेथें राष्ट्राला स्वतःचा कर बसवितां आला, स्वतःचा खजिना झाला. म्हणून जुना शब्द उशिरां कां होईना पाळतां आला. आणि ज्यानें आपल्या शिपायाचें देणें मान्य केलें, त्यालाच त्याच्या तलवारीवर हुकूम सांगण्याचा नैतिक अधिकार आला.

शिवछत्रपतींनीं विधवेस निमें वेतन बांधून दिलें, तें अमेरिकेच्या ठरावाच्या शंभराहून अधिक वर्षें आधीं. बुद्धीची किंवा दयेची उणीव आपल्याकडे नव्हती. उणीव होती ती एका पिढीचें वचन दुसऱ्या पिढीस बांधून ठेवणाऱ्या कायद्याची, आणि त्या कायद्यास पोसणाऱ्या एका खजिन्याची. राक्षसभुवन, खर्डें व नगर हीं ठिकाणें पाहावयास आपण जातों, तेव्हां तेथें कोण सेनापति कोठें उभा होता हें विचारतों. त्याबरोबरच हेंहि विचारावें कीं त्या दिवशीं तेथें उभ्या असलेल्या शिपायाचा किती महिन्यांचा पगार थकलेला होता.